आधी घासू, मग बोलू

धंदा कसा करू नये हे ज्याला शिकायचं असेल त्याने इस्माईलभाईंच्या भट्टीसमोर तासभर बसावं, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असे. ते ऐकायला इस्माईलभाई स्वतः हजर असत, कारण आमच्या दोघांच्या गाळ्यांमध्ये एकच भिंत होती आणि तीही धड वरपर्यंत पोचलेली नव्हती. जुन्नरच्या पेठेत अलीकडे माझं फोटो फ्रेम करायचं दुकान आणि पलीकडे त्यांची कल्हईची भट्टी. मी देवादिकांच्या तसबिरींना काच लावायची आणि भाईंनी नवसागराचा धूर सोडून ती पांढरी करायची, असं आमचं बरीच वर्षं चाललं. मी ओरडलो की भिंतीवरून आवाज येई, "फोटोशेठ, धूर म्हणू नका, ऊद समजा. देव खूश हुतोय."

माणूस उंच, काटकुळा, आणि कोळशाच्या धंद्यात असूनही अंगात कायम पांढरा सदरा. त्या सदऱ्याला ठिणग्यांनी पडलेली भोकं इतकी की उन्हाळ्यात त्यांना पंखा लागत नसावा. एकदा मी म्हटलं, "भाई, काळा नाहीतर खाकी शर्ट घाला की." तर म्हणाले, "काळ्यावर डाग पडला तर कळायचं कसं? पांढऱ्यावर दिसतो, दिसला की धुता येतो." आत त्यांची बायको, जैनबभाभी, डबा सोडत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "धुतं कोण ते बी सांगा एकदा." भाईंनी ताबडतोब विषय बदलून मला चहा पाजला.

भाई चहा बशीतूनच पीत. नवीन भांडं हातात आलं की बोटाच्या पेराने टिचकी मारून कानाशी धरत, आणि आवाज आवडला तर भांड्याला "वा राणी" म्हणत. त्यांच्या जुन्या दुचाकीशी, एम-एटीशीही, ते असंच बोलत, फक्त ती भाषा इथे लिहिण्यासारखी नाही.

नव्वदच्या आसपास घरोघरी स्टील शिरलं आणि कल्हईचा धंदा बसला. बायकांनी तांब्यापितळेची भांडी माळ्यावर टाकली. मग गावोगाव मोड घेणारे फिरायला लागले. तराजू घेऊन जायचं, माळ्यावरचं काळंकुट्ट भांडं खाली काढायला लावायचं, मोडीच्या भावाने उचलायचं, पुण्याला नेऊन लख्ख करायचं आणि दिवाणखान्यात ठेवायची वस्तू म्हणून पाचपट दामाला विकायचं. त्यातली मेख सरळ आहे. सगळा नफा त्या काळेपणात असतो. बाईला आपलं भांडं काळं दिसतं, घेणाऱ्याला त्याच्या आतलं दिसतं, आणि त्या दोन दिसण्यांच्या मध्ये जे काही असतं ते घेणाऱ्याच्या खिशात जातं.

पोटासाठी इस्माईलभाईही ह्या धंद्यात उतरले. पण उतरले ते पायरी चुकून. कुणी भांडं विकायला काढलं की ते म्हणायचे, "आदी घासू, मंग बोलू." तिथेच अंगणात खड्डा करून भट्टी पेटवायची, चिंच-मीठ लावून भांडं बाहेरून चकचकीत करायचं, आतून कल्हई फिरवायची, उन्हात मधोमध ठेवायचं, आणि स्वतः लांब जाऊन बसायचं. बाई भांड्याकडे बघायची. सासू यायची, शेजारीण यायची. दहा मिनिटांनी भाई विचारायचे, "आता सांगा. द्यायचं का ठेवायचं?"

निम्म्या बायका भांडं पदराआड घेऊन घरात जायच्या. मग भाई फक्त कल्हईची मजुरी घेत. ज्या देतो म्हणत, त्यांच्याशी मात्र ते असे हमरीतुमरीवर येऊन भाव करत की बघणाऱ्याला वाटावं हा पक्का चोर आहे. तेव्हा कुणी त्यांना साधू समजू नये. एक रुपया जास्त द्यायचा तर ते अर्धा तास भांडायचे.

मी हसायचो. मी म्हणायचो, "अहो, व्यापार म्हणजे स्वस्तात घ्यायचं आणि महाग विकायचं. तुम्ही आधी स्वतःच्या खर्चानं महाग करता आणि मग घेता."

"स्वस्तात घ्यायला माझी ना न्हाई, राव. पण आंधळ्याकडनं घ्यायचं न्हाई. जे मला दिसतंय ते तिला दिसू द्या. मंग ज्याची अक्कल त्याची."

आता नियम म्हटला की त्याचा फायदा घेणारे आलेच. अवसरी खुर्दला हौसाबाई म्हणून होत्या. त्यांनी एक तांब्याचा हंडा दर दिवाळीच्या आधी विकायला काढायचा. निरोप यायचा, "भाऊ, ह्या वर्षी नक्की द्यायचाय." भाई जायचे, भट्टी लावायचे, हंडा घासून सूर्यासारखा करायचे. हौसाबाई त्याच्याभोवती एक चक्कर मारायच्या, सुस्कारा सोडायच्या आणि म्हणायच्या, "न्हाई बाई, मन हुईना." मजुरीचं नाव निघालं की, "आता इकायचा म्हणूनच घासला न्हवं तुमी? मी कुठं कल्हई करा म्हणलं?" आणि भाईंच्या पिशवीत दोन ओंजळी शेंगा घालायच्या. पुढच्या दिवाळीला पुन्हा निरोप.

मी एकदा सोबत होतो. परत येताना म्हटलं, "ही बाई तुम्हाला राजरोस फसवते."

"मला ठावं हाये," भाई म्हणाले. "आन मला ठावं हाये हे तिला बी ठावं हाये. मंग फसवणूक ऱ्हायली कुठं?" आणि शेंगा फोडत बसले. मला त्यातल्या निम्म्या दिल्या. शेंगा चांगल्या होत्या, हे कबूल केलं पाहिजे.

पण मीही काही सोडणारा नव्हतो. एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी त्यांना कोंडीत पकडलं. म्हटलं, "एवढे सच्चे आहात तर घासून झाल्यावर पुण्याचा भावही सांगत जा की. तो का लपवता?"

भाईंनी बशी खाली ठेवली. त्यांनी ह्यावर विचार केलेला होता हे लगेच दिसलं. "भांड्याचं रूप तिच्या घरचं हाये. ते मी झाकलं तर चोरी. पण पुण्याला कोण घेतंय, कुठल्या सायबाला काय आवडतंय, ते मी यष्टीचं भाडं भरून, दारं ठोठावून शिकलोय. ती माझी कमाई. ती मी फुकट का सांगू?"

"आणि कुणी विचारलं तर?"

"विचारलं तर सांगायचं. खोटं न्हाई बोलायचं."

हे नुसतं बोलणं नव्हतं. डिंभ्याला धरणाच्या अलीकडे एका घरात पितळेची मोठी परात घ्यायची होती. परात घासून झाली, भाव ठरला, आणि पैसे हातात घेता घेता घरातली नवी सून म्हणाली, "भाऊ, पुण्यात कितीला जाती ही?" तिची सासू दचकली. भाई क्षणभर तोंड वाकडं करून बसले, दाढ दुखल्यासारखं, आणि त्यांनी आकडा सांगितला. सून म्हणाली, "मंग एवढ्यात कशी देऊ?" बराच वेळ घासाघीस झाली आणि परात शेवटी बऱ्यापैकी चढ्या दामाला गेली. मी म्हटलं, "गेला ना नफा?" तर म्हणाले, "विचारायचं धाडस केलं पोरीनं. त्याची बी किंमत असती." वर चार दिवस पेठेत ज्याला त्याला त्या सुनेची हुशारी सांगत होते, जणू पोरगी त्यांचीच.

त्यांना हा नियम कुणी शिकवला हे मला कधी कळलं नाही. विचारलं की "धूर लई झालाय, उद्या सांगतो" म्हणत. भाभींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला येडा माणूस तयारच मिळालाय. बनवला कुणी, ते त्याच्या अम्मीला ठाऊक."

मग आमच्या गाळ्यांचा मालक पुण्याला स्थायिक झाला आणि त्याने दोन्ही गाळे विकायला काढले. जुने भाडेकरू म्हणून आधी आम्हाला विचारलं, एवढा त्याचा चांगुलपणा. घ्या, नाहीतर रिकामा करा. माझं सासऱ्यांच्या मदतीने कसंबसं जमलं. भाईंकडे विसार द्यायलाही नव्हतं, आणि मालकाने दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. ह्या भट्टीवर त्यांचे वडील बसलेले, चुलते बसलेले. त्या दिवसांत भाभी डबा द्यायला आल्या की गाळ्याच्या भिंतीवरून उगाच हात फिरवायच्या. ते मला बघवत नसे.

अशात नारायणगावच्या बाजूला हायवेवर एक नवं हॉटेल होणार होतं. जुन्या वाटणाऱ्या वस्तूंनी ते सजवायचं हॉटेलवाल्याच्या डोक्यात होतं. दारात पाण्यावर फुलं सोडायला त्याला मोठं, जुनं, नक्षीचं घंगाळ हवं होतं, आणि ते मिळालं तर त्याने सांगितलेली किंमत ऐकून मी हातातली काच खाली ठेवली. एका घंगाळात गाळ्याचा विसार भागत होता.

आणि नशीब बघा, त्याच आठवड्यात निरगुडसरहून गुलाबराव नावाच्या एकाचा निरोप आला. त्यांचं जुनं घर पाडून बंगला व्हायचा होता. माळ्यावरची सगळी भांडी अंगणात काढून ठेवली होती. भाई गेले, तर त्या ढिगात एक घंगाळ, काजळीने काळं, दोन माणसांनी उचलावं असं. भाईंनी नेहमीप्रमाणे भट्टीचं सामान काढलं. गुलाबराव म्हणाले, "भट्टी-बिट्टी काय न्हाई आता. उद्या जेसीबी येतोय. वजन करा नि उचला."

"घासून दाखवतो की. तासाभराचं काम हाये."

"मला बगायचंच न्हाई, भाऊ. न्यायचं तर न्या, न्हायतर दुसऱ्याला बोलावतो."

भाईंनी वजन केलं, पैसे दिले, टेम्पो केला आणि सगळं जुन्नरला आणलं. मला तर आनंदाने काय करू नि काय नको झालं. त्यांचा नियमही मोडला नव्हता! त्यांनी घासतो म्हटलं होतं, मालकच नको म्हणाला. ह्यापेक्षा स्वच्छ सौदा कुठला असणार? भाभींनी त्या दिवशी शिरखुर्मा केला, सणवार काही नसताना.

दुसऱ्या दिवशी भाईंनी घंगाळ घासायला घेतलं. दुपारपर्यंत भिंतीपलीकडून काहीच आवाज येईना म्हणून मी डोकावलो. घंगाळ मधोमध, लालबुंद, नव्या नवरीसारखं. दोन्ही कड्यांवर मोर, काठाभोवती वेल. आणि भाई त्याच्यासमोर उकिडवे बसलेले, चेहरा पडलेला.

"काय झालं? फुटकं निघालं?"

"फुटकं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "फोटोशेठ, हे घरातल्या कुणी बगितलंच न्हाई."

मला पुढचं कळलं. मी हात जोडले. मी म्हटलं, "भाई, गाळा." एवढंच म्हटलं. भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या. भाई आमच्या दोघांच्याही नजरेला नजर देत नव्हते. थोड्या वेळाने म्हणाले, "दाखवून येतो. द्यायचं असंल तर देतीलच की. तुमी मागं धरून बसा, येकट्याला न्हाई जमायचं."

असा मी एम-एटीवर मागे, मांडीवर घंगाळ, हात दोन मोरांवर, आणि समोरचं काही दिसत नाही, अशा थाटात नारायणगाव, कळंब, मंचर करत निरगुडसरला निघालो. वाटेत पोरं ओरडत होती, "आंघोळीला चालला का, काका?" मी वाटभर भाईंना शिव्या दिल्या. वारा उलटा होता, त्यांना ऐकू गेल्या नसाव्यात.

गुलाबराव पाडलेल्या घराच्या विटा मोजत होते. घंगाळ बघताच त्यांचा चेहरा बदलला. "घेतलेला माल परत घेत न्हाई आपण."

"परत न्हाई द्यायला आलो. दाखवायला आणलंय. लई नामी चीज हाये. तुमी काळं असताना दिलं, म्हणून..."

"म्हंजे खोट हाये."

"खोट न्हाई हो. चांगलं हाये."

"चांगलं हाये म्हणून तीस-पस्तीस मैल परत घेऊन आला? मला येडा समजता का?" गुलाबराव घंगाळाभोवती फिरून भेग शोधायला लागले. भाई सांगतायत की भेग नाही, गुलाबराव म्हणतायत की आहे, तुम्हीच दाखवा. माझ्या आयुष्यात मी असं भांडण पाहिलेलं नाही, ज्यात घेणारा वस्तू चांगली म्हणतोय आणि विकणारा वाईट.

आवाज ऐकून पलीकडच्या पत्र्याच्या खोलीतून गुलाबरावांची आई आली. सरूआक्का. लेकीकडे घोडेगावला गेल्या होत्या, त्या सकाळीच परतलेल्या. त्या भराभर आल्या आणि घंगाळ दिसताच थांबल्या. मग खाली बसल्या आणि एका मोराच्या चोचीवरून बोट फिरवलं.

"हे माझं हाये," त्या म्हणाल्या. "माझ्या आयनं दिलंय. बैलगाडीत माझ्या शेजारी बसून आलंया हे. हळदीचं न्हाण ह्यातच झालंय माझं." मग मुलाकडे बघून, "हे ह्यांच्याकडं कसं गेलं रं?"

गुलाबराव पुटपुटले, "आये, माळ्यावर पडलं व्हतं. तू कुठं वापरीत व्हतीस?"

"मला इचारलंस?"

गुलाबरावांनी खाली वाकून उगाच एक वीट उचलली. आक्कांनी मग भाईंकडे तोंड केलं. "भाऊ, कितीला जाणार व्हतं हे तुमचं?"

मी मनात म्हटलं, झालं. विचारलं तिनं. भाईंनी आकडा सांगितला, एक पैसा कमी न करता, आणि कोणत्या हॉटेलात जाणार तेही सांगितलं. गुलाबरावांच्या हातातली वीट खाली आली. पुढच्याच क्षणी ते म्हणाले, "मंग आपुनच देऊ की त्या हॉटेलवाल्याला!"

"मी जित्ती हाये तवर न्हाई," आक्का म्हणाल्या, आणि घंगाळाच्या दोन्ही कड्या घट्ट धरून बसल्या.

गुलाबरावांनी वजनाचे पैसे परत केले. भाईंनी ते घेतले आणि तिथेच उभे राहिले. "आन घासायची मजुरी," ते म्हणाले. "माल घरात ऱ्हायला तर मजुरी पडती." गुलाबरावांनी तीही दिली. मी कपाळाला हात लावला.

मंचरला मिसळ खाताना मी तोंड उघडलं. गाळा, वडिलांची भट्टी, भाभी, सगळं काढलं. भाईंनी पाव संपवला. मग म्हणाले, "गाळा दुसरा मिळंल का न्हाई, अल्लाला ठावं. पण ते घंगाळ हॉटेलाच्या दारात बसलं असतं तर मी तिथनं रोज एम-एटीवर कसा गेलो असतो, राव?" थांबून म्हणाले, "मिसळ तिखट हाये आज." डोळ्यांतलं पाणी मिसळीचं होतं असं मी धरून चाललो.

गाळा गेला. तिथे मोबाईलचं दुकान आलं. भाईंनी भट्टी घरामागे, शेवग्याखाली नेली. भाभी दोन दिवस बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच शेवग्याखालची जागा सारवून दिली. पेठेतलं गिऱ्हाईक तुटलं. भाई गावांत जास्त फिरायला लागले. हाल झाले म्हणण्याइतके झाले नाहीत, पण काही सोपंही गेलं नाही. मला मात्र भिंतीपलीकडून दिवसभर मोबाईलच्या घंट्या ऐकाव्या लागत आणि त्याचा राग मी भाईंवर काढत असे.

पुढे मी मुलाकडे पुण्याला आलो आणि त्याच थंडीत भाई वारले; मला ते उशिरा कळलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निरगुडसरला, गुलाबरावांच्या मुलीच्या लग्नात. पत्रिका द्यायला गुलाबराव स्वतः जुन्नरला आले होते. माझ्या हातात पत्रिका देताना म्हणाले, "तुमी बी या, घंगाळ धरून आला व्हता." भाई, भाभी आणि मी, तिघंही गेलो.

बंगल्यासमोर मांडव. आपल्याकडे लग्न लागण्याआधी माईकवरून मान्यवरांचे सत्कार चालतात, तसे चालले होते. सोसायटीचे चेअरमन झाले, माजी सरपंच झाले, पंचायत समितीचे कोणी झाले. आम्ही मागच्या खुर्च्यांवर होतो. इतक्यात आक्का काठी टेकत स्टेजजवळ गेल्या आणि माईकवाल्याला काहीतरी म्हणाल्या. तो बुचकळ्यात पडला. माईक बंद करायला विसरल्यामुळे सगळ्या मांडवाने ऐकलं, "पण आज्जी, ते कोण म्हणून सांगू?"

आणि आक्कांचा आवाज, तोही माईकमधून, "माझा भाऊ म्हणून सांग."

माईकवाल्याने घसा साफ केला. "नवरीच्या आजीचे बंधू, जुन्नरचे इस्माईलभाई कल्हईवाले यांनी सत्काराला यावं."

भाईंनी मागे वळून पाहिलं, कोणाला बोलावलं म्हणून. भाभींनी कोपराने ढोसलं, "उठा. तुमीच." ते उठले. भोकं पडलेल्या पांढऱ्या सदऱ्यात, लाजत, खुर्च्यांमधून वाट काढत वर गेले. त्यांच्या विणलेल्या टोपीवरच फेटा बांधला, नारळ दिला. आक्कांनी त्यांच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. कुणीतरी हौसेने माईक त्यांच्या तोंडापुढे धरला, दोन शब्द बोला म्हणून. ज्या माणसाला मी कधी उत्तर कमी पडलेलं पाहिलं नव्हतं, त्याने तोंड उघडलं, मांडवाकडे बघितलं, आणि त्याला काही सुचेना. भाभी पदराने तोंड झाकून रडत होत्या आणि हसतही होत्या.

भाईंनी मान हलवून माईक परत दिला. मग ते खाली उतरले ते आमच्याकडे आलेच नाहीत. आक्कांचा हात धरून त्यांना सावकाश खाली आणलं आणि पुढच्या रांगेत, नवरीकडच्या माणसांत, त्यांच्या शेजारी बसले.